जिओकॅशिंग: डबा ऐसपैस, पण इथे डबाच लपलेला

पहिल्यांदा घरी सांगितलं की रविवारी सकाळी जिओकॅशिंगला चाललोय, तेव्हा आई म्हणाली, "किती मिळतोय कॅशबॅक?" तिची चूक नाही, जिओ हा शब्द आपल्याकडे सिमकार्डाने कायमचा घेऊन टाकलाय आणि कॅश म्हणजे रोकड. इथला जिओ भूगोलातला आहे आणि कॅश मूळ फ्रेंच, लपवून ठेवलेला साठा या अर्थाचा. पूर्वी उत्तर अमेरिकेच्या जंगलात फरसाठी शिकार करणारे लोक परतीच्या वाटेसाठी शिधा-सामान दडवून ठेवायचे, त्याला कॅश म्हणायचे. खेळ दोन वाक्यांत सांगता येतो. कोणीतरी एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो, मग बाकीचे जीपीएस घेऊन तो शोधतात, सापडला की आतल्या कागदावर नाव-तारीख लिहितात आणि डबा होता तिथे होता तसा परत. लहानपणी सोसायटीत डबा ऐसपैस खेळायचो तेव्हा डबा मधोमध उघड्यावर आणि पोरं लपलेली असायची, इथे डबा लपलेला आणि पन्नाशीची पोरं उघड्यावर, झुडपात वाकून काहीतरी चाचपडताना सगळ्या गावाला दिसतात.

आता हे सुरू कसं झालं तर अक्षरशः एका सरकारी बटणामुळे. जीपीएस हे अमेरिकन लष्कराचं बाळ, पहिला उपग्रह १९७८ चा. सामान्य लोकांना ते वापरायला द्यायचं हे रेगनने जाहीर केलं १९८३ मध्ये, कोरियन विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि पाडलं गेलं त्यानंतर. पण द्यायचं म्हणजे हातचं राखून द्यायचं, त्यामुळे नागरी सिग्नलमध्ये १९९० पासून मुद्दाम चूक मिसळलेली असायची, तिचं नाव सिलेक्टिव्ह अव्हेलेबिलिटी. चूक किती, तर शंभर मीटरपर्यंत. म्हणजे तुम्ही ठाण्यात गडकरी रंगायतनच्या दारात तिकिटाच्या रांगेत उभे असाल तर यंत्र खुशाल तुम्हाला मासुंदा तलावाच्या पाण्यात दाखवणार. यातली गंमत अशी की आखाती युद्धात अमेरिकन सैन्यालाच लष्करी रिसिव्हर पुरले नाहीत, म्हणून बाजारातले साधे घेतले, आणि आपल्याच सैनिकांना रस्ता सापडावा म्हणून तेवढ्यापुरती ही चूक बंद ठेवावी लागली. पुढे जमिनीवरच्या केंद्रांवरून दुरुस्ती पाठवून ही चूक काढून टाकण्याची सोयही आली, तिथल्या तटरक्षक दलानेच ती उभारली, म्हणजे एक खातं बिघडवतंय आणि दुसरं खातं दुरुस्त करतंय. (आपल्याकडे रस्ते खणण्याच्या बाबतीत हे ओळखीचं वाटेल.) १९९६ मध्येच ठरलं होतं की २००६ पर्यंत हा प्रकार थांबवायचा, पण क्लिंटनने १ मे २००० ला जाहीर केलं की आज मध्यरात्रीपासूनच बंद. त्यांची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे २ मेची सकाळ, साडेनऊ. महाराष्ट्र दिनाची सुट्टी संपवून लोक लोकलला लटकत होते तेव्हा जगभरातले रिसिव्हर एका झटक्यात जवळपास दहापट अचूक झाले, कोणी काही नवीन विकत न घेता.

दुसऱ्याच दिवशी, ३ मेला, ऑरेगनमधल्या बीव्हरक्रीक गावाजवळच्या झाडीत डेव्ह उल्मर नावाच्या संगणक सल्लागाराने एक काळी बादली ठेवली. अचूकता खरंच वाढली का ते बघायचं होतं त्याला, बस. आत पुस्तकं, व्हिडिओ, सॉफ्टवेअर, थोडे पैसे, एक गलोल आणि बीन्सचा एक सीलबंद डबा. मग सॅटेलाइट नेव्हिगेशनच्या न्यूजग्रुपवर, म्हणजे इंटरनेटवरच्या चर्चेच्या कट्ट्यावर, त्याने जागेचे आकडे टाकले आणि नियम एकच लिहिला, काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा. तीन दिवसांत दोघं तिथे पोहोचलेसुद्धा. त्यातला पहिला माइक टीग, त्याने मग अशा डब्यांची यादी आपल्या वेबपेजवर ठेवायला सुरुवात केली. गलोल कोणी नेली माहीत नाही पण बीन्सचा तो डबा मात्र टिकला, पुढे त्याला माग ठेवायचा नंबर मिळाला आणि तो जिओकॅशिंगच्या मेळाव्यांमधून देवाच्या पादुकांसारखा फिरवला जातो. मूळ जागेवर आता पाटी आहे. आणि हो, ती पहिली बादली अर्धवट पुरलेली होती, आज कोणी जागेच्या मालकाच्या परवानगीशिवाय तसं केलं तर डबा खेळाच्या वेबसाइटवर मंजूरच होणार नाही, कारण खणून पुरायचं नाही हा आता पहिल्या नियमांपैकी एक आहे!

सुरुवातीला याला स्टॅश हंट म्हणत. पण स्टॅश म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर गांजाची पुडी येते, म्हणून मॅट स्टम नावाच्या गड्याने महिन्याभरातच, ३० मे २००० ला, जिओकॅशिंग हा शब्द सुचवला. सप्टेंबरच्या २ तारखेला जेरेमी आयरिशने त्याची वेबसाइट उघडली तेव्हा सगळ्या जगात मिळून ७५ डबे होते. आज तीस लाखांच्या वर आहेत. एक तर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर आहे, रिचर्ड गॅरियट पैसे भरून २००८ मध्ये वर गेला होता तेव्हा त्याने ठेवलेला. प्रत्येक डब्याला शोधायला किती अवघड आणि पोहोचायला किती अवघड असे एक ते पाच गुण असतात, तर पोहोचण्याचे पाचपैकी पाच त्याला द्यायला कोणाचीच हरकत नसावी.

खरं तर डबा लपवायची हौस त्याहून जुनी आहे. इंग्लंडच्या डार्टमूर माळावर क्रॅनमिअर पूल नावाची दलदलीतली जागा आहे, तिथे १८५४ मध्ये जेम्स पेरट या वाटाड्याने एक बाटली ठेवली, जो तिथपर्यंत पोहोचेल त्याने आपलं व्हिजिटिंग कार्ड आत टाकायचं. त्याचं पुढे लेटरबॉक्सिंग झालं, रबरी शिक्के वगैरे. आणि उल्मरच्या चार वर्षं आधी, १९९६ मध्ये, अमेरिकेत ॲलेक्स जॅरेटने वेगळंच काढलं. जिथे पूर्ण अंशाचा अक्षांश आणि पूर्ण अंशाचा रेखांश एकमेकांना छेदतात तिथे जायचं, फोटो काढायचा, परत यायचं. डबाबिबा काही नाही. मला हे फार आवडतं कारण असा एक छेद आपल्या नवी मुंबईतच आहे. १९ उत्तर, ७३ पूर्व. सीवूड्सच्या खालच्या अंगाला, एनआरआय कॉम्प्लेक्सच्या पलीकडे, खारफुटी आणि खाडीच्या पट्ट्यात तो येतो. सिडकोने सेक्टर आखले, नोड आखले, पण हा बिंदू मात्र फ्लेमिंगोंच्या वाट्याला आला. खारफुटीत शिरायचं नाही हे सांगायला नकोच, पण पाम बीच रोडने जाताना फोनवर ७३.००० चा आकडा जवळ येताना बघायला पण मजा येते.

आता आकड्यांचा विषय निघालाच आहे तर माझी फजिती सांगून टाकतो. या खेळात जागा अंश आणि मिनिटांत लिहितात, मिनिटाला तीन दशांश. शेवटचा आकडा एकने बदलला की उत्तर-दक्षिण पावणेदोन-दोन मीटर सरकायचं, एवढं बारीक. फोनचा नकाशा मात्र सरळ दशांशात अंश मागतो. मी सीवूड्समधल्या एका बागेत पोहोचायला हवं होतं, १९ अंश १.५ मिनिटं, म्हणजे दशांशात १९.०२५, कारण मिनिटं साठने भागायची असतात. मी शहाण्याने टाइप केलं १९.०१५. झालं, अक्षांशातच अकराशे मीटर खाली, रेखांशात पण तोच घोळ, आणि भर मे महिन्यात दुपारी पाम बीच रोडपलीकडे चिखलाच्या कडेला उभा राहून मी वेबसाइटवर लॉग, म्हणजे नोंद, टाकला की डबा गायब आहे, बघा जरा. डब्याच्या मालकाने अत्यंत शांतपणे उत्तर दिलं, "दादा, डबा जागेवर आहे, तुम्ही जागेवर नाही." तेव्हापासून डबा नाही सापडला तर मी आधी स्वतःला तपासतो.

बाकी सामान म्हणाल तर फार नाही. सुरुवातीच्या काळात गार्मिनचा पिवळा ईट्रेक्स, हातात मावणारा जीपीएस रिसिव्हर, तोही २००० चाच, म्हणजे या छंदाची निशाणी होती. २००८ च्या आसपास फोनमध्येच जीपीएस आलं आणि तो कपाटात गेला. आता फोन एकट्या अमेरिकेच्या उपग्रहांवर अवलंबून नसतो, रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ आणि बऱ्याच नव्या हँडसेटमध्ये आपलं नाविक, ज्याचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये सुटला. तरीही घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये बाण वेड्यासारखा फिरतो, कारण सिग्नल काचेवर आपटून उशिरा पोहोचतो आणि फोनला वाटतं आपण पलीकडच्या बिल्डिंगमध्ये आहोत. अशा वेळी फोन खिशात टाकायचा आणि डोकं वापरायचं, मी असतो तर कुठे लपवला असता? बाकी चिमटा, टॉर्च, ओडोमॉस, झुडपात हात घालण्याआधी ढोसायला काठी. परदेशातले काही लोक सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र बॅगेत घेऊन फिरतात, ते परवानगीशिवाय भारतात आणू नका, विमानतळावरच अडकाल. आणि पेन्सिल. पेन्सिलच. जून ते सप्टेंबर इथे डब्यात पाणी जातंच, सिलिकाची पुडी टाका नाहीतर झिपची पिशवी लावा. मी एकदा कॅमेऱ्याच्या रोलची जुनी काळी डबी उघडली तर आतल्या कागदाची भिजून शेवयांसारखी गुंडाळी झालेली, जेल पेनाने लिहिलेली सगळी नावं एक निळा डाग होऊन गेली होती, आणि मधोमध कोणीतरी पेन्सिलने लिहिलेली एक तारीख मात्र खणखणीत. तो कागद टोचून-टोचून उलगडायला मला दहा मिनिटं लागली, नवीन कागद ठेवला, जुन्याचा फोटो काढून मालकाला पाठवला. हे करायची पद्धत आहे, सक्ती नाही.

पद्धती तशा साध्याच. काही घेतलंत तर निदान तेवढ्याच मोलाचं ठेवा, कोथिंबिरीच्या जुडीचा रबरबँड ठेवून कीचेन नेणारे पण आहेत. खायचं काही ठेवायचं नाही, मुंग्या आणि माकडं आधी पोहोचतात. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर, हा विचित्र आकडा मैलाचा दहावा भाग आहे म्हणून. डबा कुठे असेल याची हिंट दिलेली असते ती सांकेतिक लिपीत, इंग्रजी अक्षर तेरा घरं पुढे सरकवून, म्हणजे चुकून नजर पडून मजा जायला नको. सापडला नाही तर तेही प्रामाणिकपणे लिहायचं, यात लोकांना उगाच कमीपणा वाटतो. जाता-येता कचरा उचलून आणायची प्रथा २००२ पासून आहे आणि येऊरच्या वाटेवर पावसाळी रविवारनंतर जे दिसतं ते बघता तिथे डबा नसला तरी पिशवी घेऊन जायला हरकत नाही.

पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कोणाला दिसू न देणं. न खेळणाऱ्यांना मगल म्हणतात, हॅरी पॉटरमधून उचललेला शब्द. आणि इथेच आपली गाडी अडते. हा खेळ मोकळ्या रानात, कमी वस्तीच्या देशात वाढला. आपल्याकडे एकतर एकांत नाही, ठाण्यात कुठेही वाकून बघा, दोन मिनिटांत तिसरा माणूस पण वाकून बघायला लागतो. आणि दुसरं म्हणजे १२ मार्च १९९३ आणि ११ जुलै २००६ चे बॉम्बस्फोट बघितलेल्या लोकांना स्टेशनवर वर्षानुवर्षं ऐकवलंय की बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा. आपण सगळे त्यावरच वाढलोय. मग त्याच माणसाने फोनकडे बघत बघत रेलिंगखाली हात घालून डबा काढायचा आणि आनंदाने उघडायचा हे कोणाला कसं समजावणार? आणि ही फक्त आपली अडचण नाही, यॉर्कशायरमधल्या वेदरबीत २०११ मध्ये कॅफेबाहेर ठेवलेला असा एक डबा बॉम्बशोधक पथकाने येऊन उडवला होता. माझं मत विचाराल तर इथे स्टेशन, पूल, मंदिर, मॉल यांच्या आसपास डबा ठेवूच नये, नियमात बसत असला तरी. डोंगराच्या वाटेवर पारदर्शक डबा, बाहेर ठळक लेबल, आणि जागा ज्याची असेल त्याची परवानगी. म्हणून आपल्याकडे लोकांना जागेवर जाऊन प्रश्नाचं उत्तर शोधायचे बिनडब्याचे प्रकार जास्त मानवतात असं मला वाटतं. किल्ल्यांवर तर तेच बरं, बेलापूरच्या किल्ल्यापाशी मी नुसता फोन धरून गोल फिरत होतो तर एका काकांनी जवळ येऊन हळूच विचारलं, "गुप्तधन का?"

खोटं मात्र सगळ्यांचं एकच ठरलेलं असतं. ठाण्यातल्या एका तलावाकाठी बाकाखाली चुंबकाने चिकटवलेली करंगळीच्या पेराएवढी डबी होती, तिच्यासाठी मी तीन रविवार गेलो. पहिल्या दिवशी वॉचमनकाका आले, काय हरवलं साहेब? म्हटलं चावी. दुसऱ्या रविवारी पुन्हा चावी. तिसऱ्या रविवारी डबी हाताला लागली, घाईघाईने नाव लिहिलं, परत चिकटवली, उभा राहतोय तर काका मागेच.

"सापडली का चावी?"

"सापडली."

"बरं झालं," ते म्हणाले. "सकाळी एक मॅडम आल्या होत्या, त्यांचं कानातलं पडलं होतं. त्यांना पण तिथेच सापडलं."