पहिल्या भेटीतल्या प्रश्नांमागचा इतिहास: वर्तन विश्लेषण आणि विदर्भातलं गाव

लेकरू डोकं आपटतं, बोलत नाही, सांगितलेलं ऐकत नाही. एवढ्या तीन तक्रारी घेऊन यवतमाळ किंवा वाशीम जिल्ह्यातलं एखादं कुटुंब तालुक्याच्या गावी येतं. समोरचा वर्तन विश्लेषक (वागण्यामागचं कारण नोंदी घेऊन शोधणारा तज्ज्ञ) मात्र उपाय सांगत नाही. आपटण्याआधी काय चाललं होतं, नंतर कोण धावलं, दिवसातून किती वेळा होतं, जेवणाआधी की नंतर, असंच विचारत राहतो. घरच्यांना ही चालढकल वाटते. पण यातला जवळपास प्रत्येक प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुठली तरी चूक दुरुस्त करताना आलेला आहे. त्यामुळे तो गाळला की तीच जुनी चूक पुन्हा होते.

सुरुवात सगळ्यांना ठाऊक असलेली. बी. एफ. स्किनर यांनी १९३८ मध्ये साधक अभिसंधानाचं तत्त्व मांडलं: एखाद्या कृतीनंतर जे घडतं, त्यावर ती कृती पुढे वाढेल की कमी होईल हे ठरतं. १९४९ मध्ये पॉल फुलर यांनी अंथरुणाला खिळलेल्या, काहीच शिकू शकणार नाही असं ठरवून टाकलेल्या १८ वर्षांच्या मुलाला साखर घातलेलं दूध देत देत हात उचलायला शिकवलं. १९५९ मध्ये आयलॉन आणि मायकेल यांनी मनोरुग्णालयातल्या परिचारिकांना हेच तंत्र शिकवलं. काम तज्ज्ञानेच करावं असं नाही, जवळचा माणूस शिकून करू शकतो, हा धडा तिथला. अंगणवाडी सेविका, आशा आणि आई यांच्या भरवशावर चालणाऱ्या आपल्याकडच्या कामाला तो अजून पुरतो.

१९६४ साली वुल्फ, रिस्ली आणि मीस यांनी साडेतीन वर्षांच्या, स्वमग्न (ऑटिझम) असलेल्या डिकीबद्दल लिहिलं. मोतीबिंदूमुळे त्याच्या डोळ्यातली भिंगं काढलेली होती. चष्मा लावला नाही तर दृष्टी जाणार होती आणि तो चष्मा फेकून द्यायचा. आधी भिंगाविना नुसती फ्रेम हातात धरायला, मग डोळ्यांजवळ न्यायला, असं टप्प्याटप्प्याने शिकवत तो दिवसाला सुमारे १२ तास चष्मा लावू लागला. चार वर्षांनी, १९६८ मध्ये, या विषयाचं स्वतंत्र नियतकालिक निघालं आणि बेअर, वुल्फ व रिस्ली यांनी या शास्त्राच्या सात कसोट्या लिहून काढल्या. पहिल्या भेटीला त्यातल्या दोन थेट लागतात: वर्तन डोळ्यांना दिसणारं आणि मोजता येणारं हवं, आणि पद्धत दुसऱ्याने वाचून तशीच करून बघावी इतकी नेमकी लिहिलेली हवी.

म्हणून ‘लय त्रास देते’ ही नोंद चालत नाही. ती अशी लिहावी लागते: ‘दोन्ही किंवा एका हाताने समोरच्याचे केस किंवा कपडे धरून ओढणे, सोडून १० सेकंद झाल्यावर पुन्हा धरलं तर नवी नोंद.’ शेवटची अट नसेल तर एकाच झटापटीला आई १ म्हणते आणि सेविका ५. दोघींनी एकाच अर्ध्या तासात, एकमेकींचं न बघता मोजायचं. लहान आकड्याला मोठ्याने भागून १०० ने गुणायचं. आईचे १८ आणि सेविकेचे २४ आले तर जुळणी ७५ टक्के. किमान ८० हवी. कमी आली तर दोघींपैकी कोणाला दोष न देता व्याख्या सुधारायची. मोजायला कागदच हवा असं नाही. एका डब्यातून दुसऱ्या डब्यात चिंचोका टाकत गेलं तरी रात्री आकडा मिळतो. रडणं, किंचाळणं यांचे मात्र प्रसंग मोजून उपयोग नाही, ते किती मिनिटं चाललं हे मोजावं. दिवसातून दोनदाच रडलं, पण दोन्ही वेळा चाळीस मिनिटं, तर ‘दोन’ हा आकडा फसवा आहे.

१९८७ साली लॉस एंजेलिसमध्ये इव्हार लोवास यांनी १९ मुलांना आठवड्याला ४० तास शिकवून त्यातली ९ नेहमीच्या पहिलीच्या वर्गात गेल्याचं जाहीर केलं. जगभरचे पालक त्या ४० तासांच्या मागे लागले. पण मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, त्यामुळे फरक शिकवण्यामुळेच पडला असं खात्रीने म्हणता येत नाही. शिवाय लोवास यांच्या सुरुवातीच्या कामात विजेचे झटके होते आणि या प्रयोगातही मांडीवर चापट होती. स्वमग्न प्रौढ आज या शास्त्रावर जी टीका करतात तिचं एक मूळ इथे आहे, आणि ती टीका रास्त आहे. मजुरीवर जगणाऱ्या घरात ४० तास बसत नाहीत, हे वेगळं सांगायला नको. आकडा त्या प्रयोगाचा होता, तो मुलाच्या गरजेचं माप नाही.

खरा बदल त्याआधीच झाला होता. १९७७ मध्ये एडवर्ड कार यांनी विचारलं की मूल स्वतःला इजा का करतं, त्यातून त्याला काय मिळतं? १९८२ मध्ये ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी ९ जणांवर ते तपासून पाहिलं. १५-१५ मिनिटांच्या चार परिस्थिती: इजा केली की लक्ष देणं, काम सांगणं आणि इजा केली की काम थांबवणं, एकटं ठेवणं, आणि तुलनेसाठी नुसतं खेळणं. एकच कृती एकाला लक्ष मिळवून देत होती, दुसऱ्याला कामातून सोडवत होती, तिसऱ्याची कोणी नसतानाही चालूच होती. म्हणजे उपायही वेगवेगळे. कामातून सुटण्यासाठी आपटणाऱ्या लेकराला ‘शिक्षा’ म्हणून कोपऱ्यात बसवलं की त्याला हवं तेच मिळतं. घरोघरी हे रोज घडतं.

हा चार परिस्थितींचा प्रयोग गावात, डॉक्टर जवळ नसताना, करू नये. त्याऐवजी आधी काय घडलं, कृती, नंतर काय घडलं, असा तीन रकान्यांचा तक्ता तीन ते पाच दिवस भरून घेतात. त्यातही एक खोच आहे. एकत्र कुटुंबात लेकरू ओसरीवर किंचाळलं की आजी, काकू, शेजारीण, सगळ्याच धावतात. मग तिसऱ्या रकान्यात प्रत्येक वेळी ‘लक्ष दिलं’ येतं आणि कारण लक्ष हेच, असा निष्कर्ष निघतो. अशा वेळी पहिला रकाना जास्त सांगतो. किंचाळणं दात घासताना, अंघोळीला, पाटीपुस्तकाला बसवल्यावर होतंय का? आणि कोणती गोष्ट दिल्यावर ते थांबतं? आजी जवळ आली तरी थांबलं नाही, पण पाटी उचलल्यावर थांबलं, तर कारण पाटी आहे.

या सगळ्याच्या आधी दुखणं वगळावं लागतं, विशेषतः वर्तन अचानक सुरू झालं असेल तर. कान, दात, बद्धकोष्ठता, फिट्स, ऐकणं, दिसणं. पूर्व विदर्भात या यादीत सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) हवाच. न बोलणारं मूल हातापायांच्या असह्य कळांमध्ये किंचाळत असेल आणि आपण तक्ता भरत बसलो, तर तो गुन्हाच म्हणावा. सिकलसेलची सोल्युबिलिटी ही प्राथमिक रक्तचाचणी झाली नसेल तर ती आधी करावी. पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिसने खात्री करावी.

भारतातला धागा वेगळा आहे. सिकंदराबादच्या राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्थेतून १९९२ मध्ये पेशावरिया आणि वेंकटेशन यांची मापनश्रेणी आली: कौशल्यांच्या सात क्षेत्रांत २८० बाबी आणि अडचणीच्या वर्तनाच्या ७५ बाबी. विशेष शाळांमध्ये ती अजून वापरात आहे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ (इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम) ही ४० बाबींची श्रेणी, ज्यात ७० गुणांपासून स्वमग्नता धरतात. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी करतं आणि शंका आली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नता २१ प्रकारांमध्ये नोंदली. पण ‘इसा’चा गुण प्रमाणपत्रापुरता. सोमवारी सकाळी लेकराला काय शिकवायचं हे त्यातून निघत नाही. कागद हातात आला म्हणजे मूल्यमापन झालं, हा समज मोठा आहे. मेळघाटात कोरकू किंवा भामरागडात माडिया बोलणाऱ्या घरातल्या मुलाला मराठीत ‘बॉल दे’ म्हणून तपासलं, तर न कळलेली भाषा ‘न येणारं कौशल्य’ म्हणून नोंदली जाते. घरातलं माणूस सोबत बसवून त्याच्या तोंडून सूचना द्यावी.

मुलाला काय आवडतं याची चाचणीही पहिल्या भेटीतली. १९९६ मध्ये डी-लिऑन आणि इवाटा यांनी सोपी रीत दिली: पाच ते सात वस्तू एका ओळीत मांडायच्या, मूल एक उचलेल ती बाजूला काढायची, उरलेल्यांची जागा बदलायची, पुन्हा विचारायचं. मुरमुरे, फुटाणे, सायकलचं चाक, पाण्याची बाटली, शिट्टी, काहीही चालतं. मोबाइल मात्र या ओळीत ठेवू नये. तो एकदा दिसला की बाकी सगळं मागे पडतं आणि चाचणीतून काही कळत नाही. खाण्याच्या वस्तू असतील तर पोषण आहारानंतर लगेच चाचणी घेऊ नये.

उरते बेसलाइन, म्हणजे तुलनेसाठीची सुरुवातीची पातळी. उपाय सुरू करण्याआधी किमान तीन, शक्यतो पाच नोंदी, आकडे स्थिर होईपर्यंत. इथे विदर्भाचा हंगाम आडवा येतो. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी, मग माघापर्यंत कापूस वेचणी. आई सकाळी वावरात जाते ती सांजेला परतते आणि लेकरू आजीकडे असतं. उन्हाळ्यात घेतलेली बेसलाइन आणि कार्तिकातली नोंद यांची तुलना केली तर उपाय फसला असं दिसतं. प्रत्यक्षात सांभाळणारं माणूस बदललेलं असतं. म्हणून पहिल्या मुलाखतीतच विचारायचं की वर्षभरात कोणत्या महिन्यांत लेकरू कोणाजवळ राहतं, आणि दोन्ही माणसांसोबतच्या नोंदी वेगळ्या ठेवायच्या. वेचणी सुरू झाली की आलेखावर उभी तुटक रेषा ओढून शेजारी तारीख आणि ‘आजीकडे’ असं लिहायचं, आणि तिथून पुढच्या पाच नोंदी नवी बेसलाइन धरायच्या.