रासायनिक साठवण व वितरण केंद्र : अपघाती गळतीचे जोखीम व्यवस्थापन

रसायने मोठ्या प्रमाणात उतरवून घेणे, साठवणे आणि ड्रम, सिलिंडर किंवा टँकरमध्ये भरून पुढे पाठवणे हे साठवण व वितरण केंद्राचे काम. अशा ठिकाणी विषारी, ज्वालाग्राही किंवा दाहक पदार्थ अनपेक्षितपणे बाहेर पडण्याच्या शक्यता आधीच हेरणे, त्या कमी करणे आणि तरीही गळती झालीच तर हानी आटोक्यात ठेवणे, या सगळ्याला मिळून अपघाती गळतीचे जोखीम व्यवस्थापन म्हणतात.

या केंद्रांत सहसा रासायनिक प्रक्रिया चालत नाही. त्यामुळे ‘इथे फक्त माल येतो आणि जातो’ असे म्हणून त्यांच्याकडे कारखान्यांपेक्षा कमी लक्ष दिले जाते. हा समज घातक आहे. कारखान्यात एकदा बसवलेली पाइपलाइन वर्षानुवर्षे तशीच राहते. इथे मात्र नळ्या रोज जोडल्या आणि सोडल्या जातात, तेही अनेकदा बाहेरून आलेल्या चालकाच्या मदतीने. धोक्याचा मोठा वाटा उभ्या टाकीपेक्षा या जोडणीत असतो.

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात ॲचिसन येथे २१ ऑक्टोबर २०१६ रोजी सल्फ्युरिक आम्लाचा टँकर आला. आम्ल भरायचे तोंड आणि सोडियम हायपोक्लोराइट भरायचे तोंड जवळजवळ होते, दिसायला सारखे होते, आणि हायपोक्लोराइटच्या तोंडाला कुलूप नव्हते. नळी चुकीच्या तोंडाला जोडली गेली. दोन्ही रसायने टाकीत एकत्र आली आणि क्लोरीनसह विषारी वायूंचा हिरवट-पिवळा ढग गावावर पसरला. १४० हून अधिक लोकांना उपचार घ्यावे लागले. यात ना यंत्र बिघडले होते, ना टाकी फुटली होती. अशा घटनेनंतर चालकाला दोष देऊन मोकळे होणे सोपे असते, पण सारखी दिसणारी दोन तोंडे शेजारी ठेवणारी रचनाच चुकीला निमंत्रण देते. प्रत्येक रसायनासाठी वेगळ्या मापाची किंवा वेगळ्या घडणीची जोडणी ठेवावी, म्हणजे चुकीची नळी बसणारच नाही. एकमेकांत मिसळू नयेत अशा रसायनांची तोंडे लांब असावीत, रसायनाचे नाव टाकीइतकेच ठळकपणे तोंडावरही असावे, आणि कुलपाची किल्ली पाळीवरच्या कर्मचाऱ्याकडे असावी. त्याने कागदपत्रे आणि नमुना तपासून मगच कुलूप काढावे आणि माल उतरेपर्यंत तिथून हलू नये.

नळी स्वतःही दगा देऊ शकते. मिसूरी राज्यातील फेस्टस येथे १४ ऑगस्ट २००२ रोजी रेल्वे टँकरमधून क्लोरीन उतरवताना नळी फाटली आणि सुमारे ३ तासांत २१ टनांहून अधिक क्लोरीन हवेत गेला. नळीच्या बाहेरची धातूची वेणी हॅस्टेलॉय या निकेल मिश्रधातूची असायला हवी होती. प्रत्यक्षात ती स्टेनलेस स्टीलची निघाली. क्लोरीन नळीच्या आतल्या अस्तरातून झिरपतो आणि स्टेनलेस स्टील खातो. या दोन्ही वेण्या नुसत्या डोळ्यांना सारख्याच दिसतात, म्हणून पुरवठादाराच्या चिठ्ठीवर विसंबणे पुरेसे नाही. हातात धरण्याजोगे क्ष-किरण उपकरण वेणीला लावले की धातू कोणता ते काही सेकंदांत कळते. त्याच दिवशी आपत्कालीन झडपाही पूर्ण मिटल्या नाहीत, कारण त्यांच्यात गंजाचा थर साचला होता. आपत्कालीन झडप नियमितपणे पूर्ण बंद करून पाहिली नसेल तर ती असून नसल्यासारखीच. नियंत्रण कक्षातल्या दिव्यावर भरवसा न ठेवता झडप खरोखर मिटली का, हे जागेवर जाऊन पाहावे लागते.

टाकी काठोकाठ भरून वाहणे हा गळतीचा दुसरा नेहमीचा प्रकार. इंग्लंडमधील बन्सफील्ड इंधन आगारात ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे ९१२ क्रमांकाच्या टाकीत पेट्रोल येतच राहिले, कारण पातळी दाखवणारा मापक अडकला होता. तो त्याआधीच्या महिन्यांतही वारंवार अडकलेला होता. भरणा आपोआप थांबवणारा स्वतंत्र स्विचही चालला नाही. त्याचा चाचणी-दांडा योग्य जागी धरून ठेवण्यासाठी एक छोटे कुलूप लावायचे असते. त्याचा उपयोगच न कळल्याने ते लावलेले नव्हते. सांडलेल्या पेट्रोलच्या वाफेचा ढग पेटला आणि प्रचंड स्फोट झाला. रविवार असल्याने परिसर जवळजवळ रिकामा होता. ४३ जण जखमी झाले, मृत्यू मात्र एकही झाला नाही. मापक आणि स्विच एकमेकांवर अवलंबून नसावेत, दोघांची चाचणी वेळोवेळी व्हावी, आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या बारीक बिघाडाची नोंद वरपर्यंत पोचावी, या तिन्हींची गरज एकाच पहाटेने दाखवून दिली.

टाकीभोवती बांध घालतात. सर्वांत मोठ्या टाकीच्या ११० टक्के द्रव त्यात मावावा, हा अनेक ठिकाणचा संकेत. बांधाच्या आतले पावसाचे पाणी सोडण्याची झडप एरवी बंद असली पाहिजे. ती उघडी राहिली की बांधाचा उपयोग संपतो. बन्सफील्डला बांधांच्या सांध्यांतून इंधन आणि आग विझवण्याचे पाणी झिरपून भूजलात गेले. वेस्ट व्हर्जिनियातील चार्ल्सटन येथे ९ जानेवारी २०१४ रोजी गंजून भोक पडलेल्या टाकीतून एमसीएचएम हे रसायन गळाले. भोवतीच्या भिंतीला तडे होते. तिथून ते एल्क नदीत उतरले आणि सुमारे ३ लाख लोकांना नळाचे पाणी वापरू नका असे सांगावे लागले. नळपाणी पुरवठ्यासाठी नदीतून पाणी उचलण्याची जागा प्रवाहात खालच्या बाजूला जवळच होती. टाकीच्या बुडाची जाडी मोजणे हे दुर्लक्षित काम आहे, कारण त्यासाठी टाकी रिकामी करावी लागते आणि तेवढे दिवस धंदा थांबतो.

काही रसायने नुसती ठेवली तरी बदलतात. प्लास्टिकचा कच्चा माल असलेल्या स्टायरीनमध्ये बहुवारिकीकरण, म्हणजे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या होणे, रोखणारे द्रव्य मिसळलेले असते. ते कमी झाले किंवा टाकी तापली की अभिक्रिया स्वतःच वेग घेते. विशाखापट्टणम येथे ७ मे २०२० च्या पहाटे हेच घडले. त्या टाकीत तापमान फक्त तळाशी मोजले जात होते, आणि वरचा थर तापत चालला होता.

गळती झाल्यावर पहिली काही मिनिटे निर्णायक असतात, आणि प्रत्येक रसायनाची रीत वेगळी. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असून खोलगट जागी साचतो. द्रव क्लोरीनचा वायू झाला की त्याचे आकारमान सुमारे ४६० पट होते. त्यामुळे द्रव गळणे वायू गळण्यापेक्षा कितीतरी अधिक धोक्याचे. सुमारे ९०० किलो क्लोरीन मावणाऱ्या आडव्या पात्राला, म्हणजे टनरला, दोन झडपा असतात. त्या एकावर एक उभ्या रेषेत येतील असा टनर ठेवला तर वरच्या झडपेतून वायू आणि खालच्या झडपेतून द्रव येतो. म्हणून प्रशिक्षित पथक टनर किंवा सिलिंडर गळती वरच्या बाजूला येईल असा फिरवते. द्रवाऐवजी वायू येऊ लागला की गळतीचा वेग बराच उतरतो. गळतीवर पाणी मात्र मारू नये, कारण ओल्या क्लोरीनचे आम्ल होऊन भोक मोठे होते. गळतीची नेमकी जागा शोधण्यासाठी अमोनियाच्या द्रावणाची बाटली जवळ नेतात. पांढरा धूर दिसला की जागा कळते. अमोनियाच्या वायूवर पाण्याचा फवारा चालतो, साचलेल्या द्रवावर चालत नाही. श्वसनसंच गळतीच्या संभाव्य जागेपासून दूर ठेवावे लागतात. ते पंपाशेजारच्या कपाटात असतील तर हवे तेव्हाच हाती लागत नाहीत.

कायद्यांचा पाया मोठ्या दुर्घटनांनंतर घातला गेला. इटलीतील सेव्हेसो येथे १९७६ मध्ये झालेल्या विषारी वायुगळतीनंतर युरोपात १९८२ मध्ये अशा अपघातांविषयीचा निर्देश निघाला. १९८४ च्या भोपाळ वायुकांडानंतर भारतात १९८९ चे घातक रसायनविषयक नियम आले. त्यांनुसार आवारातला आपत्कालीन आराखडा मालकाने आणि आवाराबाहेरचा प्रशासनाने करायचा असतो. अमेरिकेत स्वच्छ हवेच्या कायद्यातील १९९० च्या दुरुस्तीतून जोखीम व्यवस्थापन आराखडा सक्तीचा झाला. त्यात सर्वांत वाईट शक्यतेचा हिशेब मांडावा लागतो : सर्वांत मोठ्या टाकीतला विषारी वायू १० मिनिटांत बाहेर पडला आणि वारा मंद असला, तर तो किती लांब जाईल? या हिशेबात पाण्याचे फवारे किंवा आपोआप मिटणारी झडप अशा चालू करावी लागणाऱ्या यंत्रणा धरता येत नाहीत. एवढा काटेकोरपणा योग्यच आहे, कारण फेस्टस आणि बन्सफील्डमध्ये नेमक्या याच यंत्रणा ऐन वेळी निकामी ठरल्या.

हा हिशेब शेजाऱ्यांपर्यंत पोचला नाही तर तो कागदावरच राहतो. भोंग्याचा अर्थ, पळायचे की घरात थांबायचे, वाऱ्याची दिशा कुठे पाहायची, या गोष्टी लोकांनी सरावात अनुभवलेल्या असाव्यात, आणि एखादा सराव रात्रपाळीतही व्हावा. ढगातून बाहेर पडताना वाऱ्याला आडवे जायचे असते. क्लोरीनच्या वेळी घरात थांबायचे ठरले तर दारे-खिडक्या आणि पंखे बंद करून वरच्या मजल्यावर जावे, तळघर टाळावे.