पोटावरील आघात आणि कीटकनाशकाची विषबाधा एकाच रुग्णात

पोटाला जबर मार लागणे आणि कीटकनाशकाची विषबाधा होणे या दोन्हींचे उपचारक्रम वेगवेगळे ठरलेले आहेत. दोन्ही एकाच वेळी झाले, की एकाची लक्षणे दुसऱ्याला झाकतात. फवारणी करताना उंचावरून पडणे, अंगात विष भिनल्यावर वाहन चालवताना शुद्ध हरपणे, अशा प्रसंगांत हे घडते.

सेंद्रिय फॉस्फरस आणि कार्बामेट गटांतील कीटकनाशके ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे एंझाइम निकामी करतात, त्यामुळे शरीरात ॲसिटिलकोलीन (नसांचे संदेश स्नायू व ग्रंथींपर्यंत नेणारे रसायन) साचते. लाळ, घाम, डोळ्यांच्या टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, छातीत भरणारा स्राव, स्नायूंची थरथर ही त्याची खूण. उलट्या, जुलाब आणि पोटात कळाही येतात. घोटाळ्याची सुरुवात इथेच होते: पोटदुखी विषाच्या नावावर जमा होते आणि फाटलेली प्लीहा रक्त ओतत राहते.

नाडीही फसवते. रक्तस्रावात ती वाढायला हवी, पण विष ती मंदावू शकते. ॲट्रोपिन (विषाचा परिणाम रोखणारे औषध) दिल्यावर नाडी 120 झाली, तर ती औषधाने की रक्त गेल्याने, हे नाडीवरून कळत नाही. म्हणून घसरता रक्तदाब, पुनःपुन्हा मोजलेले हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफी यांवर भिस्त ठेवावी. पहिली सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून पोट निर्धोक ठरत नाही. आतड्याची वा स्वादुपिंडाची इजा तिच्यातून सहज निसटते. रक्तदाब स्थिर असेल तर शिरेतून रंगद्रव्य देऊन सीटी स्कॅन करावा. रक्तातले अमायलेज (स्वादुपिंडातले पाचक एंझाइम) वाढले तरी स्वादुपिंडाला मार लागला असे ठरत नाही, कारण विषबाधेतही ते वाढते.

ॲट्रोपिनमुळे आतडी सुस्तावतात, पोट फुगते, आतड्यांचे आवाज थांबतात. फुटलेल्या आतड्याचे चित्र असेच असते. पोटाची भिंत लाकडासारखी ताठ होणे मात्र ॲट्रोपिनचे काम नव्हे. तशी ती लागली तर शस्त्रक्रियेचा विचार लांबवू नये. उलट, विषाने स्नायू दुबळे झाले असतील तर आतडे फुटूनही पोट मऊ लागू शकते.

उपचारात श्वासमार्ग आणि ऑक्सिजन पहिले. सोबतच हातमोजे घालून कपडे काढावेत व अंग साबण-पाण्याने धुवावे. प्रौढाला ॲट्रोपिन 1 ते 3 मिलिग्रॅम शिरेतून द्यावे आणि पुरेसा परिणाम नसेल तर दर 5 मिनिटांनी मात्रा दुप्पट करावी. छाती स्वच्छ ऐकू येणे, नाडी 80 च्या वर आणि वरचा रक्तदाब 80 च्या वर ही उद्दिष्टे. रक्तस्राव चालू असेल तर रक्तदाबाचे उद्दिष्ट ॲट्रोपिनने गाठता येत नाही. तिथे रक्त द्यावे लागते आणि ॲट्रोपिनची मात्रा छातीच्या आवाजावर ठरवावी. वेग वाढलेल्या नाडीला घाबरून ॲट्रोपिन रोखणे ही घातक चूक आहे, कारण रुग्ण आधी छातीतल्या स्रावानेच गुदमरतो. झटके आल्यास डायझेपाम देतात. प्रॅलिडॉक्सिम (निकामी एंझाइम पुन्हा चालू करण्याचे औषध) सेंद्रिय फॉस्फरसच्या विषबाधेत वापरतात, पण त्याच्या उपयोगाबाबतचे पुरावे एकसारखे नाहीत. जठराला इजा झाल्याची शंका असेल तर नळीने पोट धुणे टाळावे. पाणी व विष उदरपोकळीत उतरते.

विषबाधा तपासण्यासाठी कोलिनेस्टरेज एंझाइम मोजतात; त्याचा रक्तनमुना रक्त वा प्लाझ्मा चढवण्यापूर्वीच घ्यावा. दात्याच्या प्लाझ्मात हे एंझाइम असते, तर भरपूर सलाईनने ते पातळ होते. नंतरचा आकडा दोन्ही बाजूंनी दिशाभूल करतो.

शस्त्रक्रिया लागली तर भूलतज्ज्ञाला विषाची माहिती आधीच मिळायला हवी. सक्सिनिलकोलीन (भूल देताना स्नायू सैल करणारे औषध) मोडणारे एंझाइमच निकामी झालेले असल्याने त्याचा परिणाम तासन्‌तास टिकतो. त्याऐवजी त्याच कामाचे रोक्युरोनियम वापरणे बरे. स्नायूंचा सैलपणा उतरवणारे निओस्टिग्मीन टाळावे, कारण तेही विषासारखेच काम करते. विषबाधेनंतर 24 ते 96 तासांत मानेचे व श्वासाचे स्नायू अचानक दुबळे पडू शकतात. रुग्णाला उशीवरून डोके उचलता येते का, हे दर काही तासांनी पाहावे आणि येत नसेल तर श्वासनलिकेतील नळी काढण्याची घाई करू नये.