बायको-पोरांना घेऊन परदेशी जायचंय? आधी गावातले कागद बघा

नोकरीचं पत्र हाती आलं की घरात व्हिसाची बोलणी सुरू होतात. कुटुंबाचा अर्ज मात्र बहुतेक वेळा अडतो तो ग्रामपंचायतीच्या नाहीतर नगरपालिकेच्या दाखल्यावर. म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

पहिला कागद विवाह नोंदणीचा. लग्नपत्रिका आणि फोटो त्याच्या जागी चालत नाहीत. १९९८ च्या राज्य कायद्यानुसार नवरा-बायकोपैकी एक जण जिथं राहतो तिथल्या ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेत ही नोंद होते. नमुना 'ड' भरायचा, १०० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं आणि तीन साक्षीदार सोबत न्यायचे. लग्नाला ९० दिवस उलटले असतील तर विलंब शुल्क भरून नोंद होते, त्यामुळे दहा वर्षांच्या जुन्या लग्नाचंही घाबरण्याचं कारण नाही. दाखल्यावर नावं इंग्रजीतही येतील आणि पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळतील, एवढं मात्र तिथंच उभं राहून तपासावं.

नावांचा घोळ आपल्याकडे जरा जास्तच. शाळेच्या दाखल्यावर सुनंदा, आधारवर सुनंदाबाई, लग्नात ठेवलेलं नाव तिसरंच. शाळेत पाटील, बाकी कागदांवर मूळ आडनाव. 'चौधरी'चं इंग्रजी स्पेलिंग तर एकाच घरात तीन तऱ्हेचं निघतं. प्रतिज्ञापत्रावर भागेल असं धरून चालू नये. शासकीय राजपत्रात नावबदल छापून घ्यावा, मग आधार, पॅन आणि शेवटी पासपोर्ट, या क्रमानं दुरुस्ती करावी. उलट क्रमानं गेलात तर पासपोर्ट दोनदा काढावा लागतो.

मुलांचा जन्मदाखला हा पुढचा अडसर. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर सुरतेला किंवा बऱ्हाणपूरला असेल, तर नोंद परराज्यात असते. परदेशात चालावा म्हणून दाखल्यावर आधी राज्याची मोहोर लागते आणि ती ज्या राज्यानं दाखला दिला त्याचीच. सुरतेच्या दाखल्यावर महाराष्ट्राचं मंत्रालय शिक्का मारणार नाही. बाळाच्या नावाचा रकाना कोरा असेल तर त्याच कार्यालयात नाव चढवून घ्यावं. जन्मनोंदीपासून १२ महिन्यांपर्यंत ते फुकट होतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून. नोंदच झाली नसेल आणि वर्ष उलटलं असेल, तर २०२३ च्या दुरुस्तीनंतर कोर्टात न जाता जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश घ्यावा लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखला चालतो.

जळगावकडच्या लोकांना पासपोर्टसाठी जळगावचं पोस्ट ऑफिसमधलं केंद्र किंवा नाशिकचं सेवा केंद्र आहे. अठराच्या आतल्या मुलासाठी ॲनेक्शर 'डी' या संमतीच्या नमुन्यावर आई-वडील दोघांच्या सह्या लागतात. नवरा पुढे निघून गेला असेल तर त्याला तिकडच्या भारतीय दूतावासातून साक्षांकन करून कागद पाठवावे लागतात. विमानात बसण्याआधी सह्या उरकल्या तर ही सगळी पायपीट वाचते.

राज्याची मोहोर लागल्यावर दाखला परराष्ट्र मंत्रालयाकडे जातो. एकमेकांचे दाखले मान्य करणाऱ्या हेग करारातल्या देशांसाठी तिथं अपोस्टिल, म्हणजे दाखला खरा असल्याचा शिक्का, मिळतो. कॅनडाही जानेवारी २०२४ पासून त्यात आहे. दुबई, कतार, कुवेत या करारात नाहीत. तिथं मंत्रालयानंतर त्या देशाच्या वकिलातीचं साक्षांकनही लागतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन आठवड्यांची रजा काढून यायचं आणि तेवढ्यात हे सगळं करून परतायचं, हा बेत सहसा फसतो.

व्हिसात मुलांचं वय बघावं. अमेरिकेच्या एच-४ वर, म्हणजे एच-१बी नोकरी व्हिसावाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, २१ च्या आतली अविवाहित मुलं जातात, कॅनडात ही मर्यादा २२ आहे. एच-४ वरच्या बायकोला लगेच नोकरी करता येत नाही. त्यासाठी साधारणपणे नवऱ्याची ग्रीन कार्डाची आय-१४० याचिका मंजूर असावी लागते. ब्रिटनमध्ये केअर वर्करच्या, म्हणजे वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्याच्या, व्हिसावर ११ मार्च २०२४ पासून नव्यानं जाणाऱ्याला कुटुंब नेता येईनासं झालं, आणि २२ जुलै २०२५ पासून तर परदेशातून या कामासाठी नवी भरतीच बंद झाली. एजंट हे सांगत नाही, म्हणून पैसे देण्याआधी विचारा. सहा महिन्यांहून जास्त राहण्यासाठी तिथं क्षयरोग तपासणीचा दाखलाही लागतो.

मूल तिकडे जन्मलं आणि ते भारतीय राहावं असं वाटत असेल, तर एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंद करावी आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं. मोठ्यांचं गणित साधं आहे: दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेनं घेतलं की १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. तिकडचा देश दोन पासपोर्ट चालवून घेत असला तरी भारत घेत नाही. जुना पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं आणि मग ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणाऱ्या कार्डाचा, अर्ज करायचा. ओसीआय कार्डावर हवं तेव्हा येता-राहता येतं, मतदान मात्र करता येत नाही.

शेतीचा नियम याहून आधी लागू होतो. नोकरीसाठी देश सोडला की, पासपोर्ट भारतीय असला तरी, परकीय चलन कायद्याप्रमाणे तुम्ही अनिवासी ठरता आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. रावेर-यावलची केळीची बाग वडिलांनी बक्षीसपत्र करून दिली तरी तो व्यवहार नियमात बसत नाही. वारसानं आलेली जमीन मात्र अनिवासी आणि ओसीआय दोघांनाही ठेवता येते, सातबाऱ्यावर वारस नोंद करता येते. पुढे विकायची झाली तर गिऱ्हाईक भारतात राहणारंच हवं.