श्वान-व्यक्तिचित्र, इंग्लिश

एखाद्या विशिष्ट कुत्र्याची ओळख पटेल अशा रीतीने रंगविलेले इंग्लिश तैलचित्र. मालकाच्या पायाशी बसलेला किंवा शिकारीच्या देखाव्यात धावणारा कुत्रा या प्रकारात सहसा धरीत नाहीत. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून सुमारे पहिल्या महायुद्धापर्यंत अशा चित्रांना इंग्लंडमध्ये चांगली मागणी होती.

उगमाविषयी एकमत नाही. केवळ कुत्र्यांनाच विषय करणारे युरोपातील पहिले चित्र म्हणून याकोपो बास्सानो या व्हेनिशियन चित्रकाराच्या, झाडाच्या खुंटाला बांधलेल्या दोन शिकारी कुत्र्यांच्या चित्राचा (१५४८, लूव्र, पॅरिस) उल्लेख बहुधा होतो, परंतु इंग्लंडशी त्याचा थेट धागा जुळविणे अवघड आहे. काही अभ्यासक स्नायडर्स, फायट या फ्लेमिश चित्रकारांकडे, तर काही फ्रान्सकडे वळतात. तेथे देपोर्त या चित्रकाराने राजा चौदाव्या लुईच्या आवडत्या कुत्र्या रंगवून त्यांची नावे सोनेरी अक्षरांत चित्रावरच लिहिली होती. हे संस्कार नाकारता येत नाहीत. तरीही जमीनदार घराण्यांत आधीच रुळलेल्या अश्वचित्रांच्या धंद्यातून ही शाखा फुटली, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. लेखक होरेस वॉल्पोलच्या पॅटापॅन या कुत्र्याचे चित्र (१७४३) काढणारा जॉन वुटन मुख्यतः घोड्यांचाच चित्रकार होता. जॉर्ज स्टब्जचेही तेच. स्टब्जने मात्र निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्ससाठी ऑस्ट्रेलियातील डिंगो हा रानकुत्रा (१७७२) जिवंत प्राणी न पाहता रंगविला, तेव्हा त्या चित्राला व्यक्तिचित्र म्हणावे का, हा प्रश्न उरतोच.

विल्यम होगार्थच्या १७४५ च्या आत्मचित्रात (टेट, लंडन) चित्रकार स्वतः लंबगोल कॅनव्हासवरील चित्र होऊन मागे राहतो आणि ट्रम्प हा त्याचा पग कुत्रा पुढे, प्रत्यक्ष जागेत बसतो. क्ष-किरण तपासणीत होगार्थने आधी स्वतःला केसांचा टोप व भारी पोशाखात रंगविले होते असे दिसून आले. गेन्झबरोने संगीतकार आबेलच्या पॉमेरेनियन कुत्रीचे पिलासह चित्र सुमारे १७७७ मध्ये काढले.

एकोणिसाव्या शतकात एडविन लँडसिअरने (१८०२–७३) कुत्र्यांच्या चेहऱ्यावर माणसाचे भाव आणले. ते लोकांना भावले, पण निरीक्षणाचे मोल त्यात काहीसे उणावले. काळ्या-पांढऱ्या न्यूफाउंडलंड कुत्र्यांना आजही त्याचे नाव आहे. न्यूकॅसलचे श्वानप्रदर्शन (१८५९) आणि केनेल क्लब या श्वानपालकांच्या संस्थेची स्थापना (१८७३) यांनंतर मालकांना बक्षीसपात्र कुत्रा बाजूने, चारही पाय दिसतील असा हवा असे. मॉड अर्ल व आर्थर वॉर्डल हे या काळातील प्रमुख चित्रकार. जातीची जुनी ठेवण ठरविण्यास ही चित्रे पुरावा म्हणून वापरताना मालकाची हौस वजा करावी लागते.

फ्रान्सिस बॅरॉडने रंगविलेला निपर हा कुत्रा (१८९८–९९) भारतात ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या तबकड्यांमुळे पोचला, महाराष्ट्रातील ग्रामोफोन बाळगणाऱ्या घरांना तो चांगला परिचयाचा होता. मूळ चित्रात एडिसन पद्धतीचा फोनोग्राफ होता. ग्रामोफोन कंपनीने १८९९ मध्ये ५० पौंडांस चित्र व ५० पौंडांस हक्क घेतले, तेव्हा त्यावर ग्रामोफोन रंगविण्यात आला. खालच्या यंत्राच्या खुणा रंगाच्या थराखाली ओळखता येतात. कुत्रा धन्याच्या शवपेटीवर बसला आहे, ही लोकप्रिय कथा स्वीकारण्याजोगी नाही. चित्र रंगविले तेव्हा निपर जिवंतही नव्हता; तो १८९५ मध्येच मेला होता.

प्रांतिक चित्रकारांची बरीच चित्रे स्वाक्षरीविना आहेत. त्यांच्या कालनिश्चितीसाठी प्रथम कॅनव्हासची पाठ पाहतात. तेथे अबकारी कराचा शिक्का असल्यास कॅनव्हास १८३१ पूर्वीचा मानता येतो, कारण त्या वर्षी हा कर उठला. विन्सर अँड न्यूटन या चित्रसाहित्याच्या पेढीचा शिक्का असल्यास तो १८३२ नंतरचा, कारण ती पेढी त्या वर्षी निघाली. मात्र जीर्ण कॅनव्हासला मागून दुसरे कापड चिकटविलेले असेल तर दोन्ही शिक्के झाकले जातात, आणि मग रंगातील भेगा व कुत्र्याची जात यांवरूनच, तेही ढोबळ, अनुमान करावे लागते.