साखर उतरली की आपल्याला कळतंच?

‘साखर कमी झाली की घाम फुटतो, हात कापतात. मग गाडी बाजूला घ्यायची, चॉकलेट खायचं आणि निघायचं.’ मधुमेह असलेल्या घरांत हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यावर विसंबून गाडी चालवू नका, ही कळकळीची विनंती.

इशारा मिळेलच असं नाही. मधुमेह जुना असेल, साखर वारंवार उतरत असेल, तर शरीराची ही घंटा मंदावते. रक्तदाबासाठीच्या बीटा-ब्लॉकर गोळ्या धडधड आणि कंप झाकतात. मग थेट मेंदूच गोंधळतो, आणि गोंधळलेल्या माणसाला आपलं काही चुकतंय हे उमगत नाही. म्हणून इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी शरीरातलं इन्सुलिन वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी निघण्याआधी साखर मोजावी. ९० mg/dL च्या खाली असेल तर आधी खावं. लांबच्या प्रवासात दर २ तासांनी पुन्हा मोजावी. (नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फारच कमी.)

चॉकलेटातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. त्यापेक्षा १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी तपासा. व्होग्लिबोज ही साखरेचं पचन लांबवणारी गोळी घेणाऱ्यांना तर साधी साखरही लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजच हवं.

आणि लगेच निघायचं? नाही. आकडा सावरला तरी मेंदूला वेळ लागतो. ब्रिटनमध्ये चालकांना साखर पूर्ववत झाल्यावर ४५ मिनिटं थांबायला सांगतात. तोवर इंजिन बंद, किल्ली काढलेली आणि चालकाची जागा रिकामी.