नोटीस ऑफ रेस आणि सेलिंग इन्स्ट्रक्शन्स: एकच फाइल दोनदा छापू नका

सेलिंग इन्स्ट्रक्शन्स (शिडाच्या बोटींची शर्यत पाण्यावर कशी चालेल ते सांगणारा कागद) तुम्हाला पाठ आहेत. कोर्सचा नकाशा, मार्कचे (वळसा घालायच्या बोयांचे) रंग, पहिला वॉर्निंग सिग्नल (सुरुवातीआधीचा इशारा) कधी, प्रोटेस्ट (नियमभंगाची तक्रार) किती वाजेपर्यंत द्यायचा. घडी घालून लाइफजॅकेटच्या खिशात कोंबलेला, संध्याकाळपर्यंत लगदा झालेला तो कागद. त्यावर इथे वेळ घालवत नाही.

घोळ दुसऱ्या कागदाचा: नोटीस ऑफ रेस, म्हणजे स्पर्धा जाहीर करून प्रवेशाच्या अटी सांगणारी नोटीस. हौशी सेलरांची राष्ट्रीय स्पर्धा भरवायची ठरली की कोणीतरी उत्साही माणूस मागच्या स्पर्धेची फाइल उघडतो, तारखा बदलतो, वर 'नोटीस ऑफ रेस' असं लिहितो आणि दोन महिन्यांनी मथळा बदलून तीच फाइल इन्स्ट्रक्शन्स म्हणून लावतो. विचारलं तर उत्तर तयार असतं: 'दोन्हीत तेच तर असतं!' नसतं हो.

एक आधी निघते, दुसरी नंतर. कशात काय हवं याची यादी वर्ल्ड सेलिंग या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमपुस्तकात परिशिष्ट जे मध्ये आहे, जे1 नोटिशीची आणि जे2 इन्स्ट्रक्शन्सची. हे फरक कोणालाही दिसतात. अडतं ते पुढे: कागद कोणाचा, आणि तो कोणी किती बदलायचा?

नियम 89 प्रमाणे नोटीस काढते आयोजक संस्था, म्हणजे क्लास असोसिएशन (एकाच प्रकारच्या बोटींच्या सेलरांची संघटना), होस्ट क्लब किंवा दोघं मिळून. ज्यांच्या खात्यात पैसे येतात आणि तोटा झाला तर ज्यांच्या अंगावर पडतो, ते हे लोक. नियम 90 प्रमाणे इन्स्ट्रक्शन्स काढते रेस कमिटी, म्हणजे शर्यती चालवणारी समिती. तिचं राज्य पाण्यावर. इन्स्ट्रक्शन्समधला बदल मुदतीच्या आत लेखी बोर्डावर लावला की झालं. तशी पद्धत आधी लिहून ठेवली असेल तर पाण्यावर तोंडीही सांगता येतो. नोटीसही बदलता येते, पण पुरेशी आगाऊ सूचना देऊन. का, ते उघड आहे. नोटीस वाचून माणूस रजा टाकतो, क्रू जमवतो, ट्रेलरला बोट जोडून शेकडो किलोमीटर येतो. त्याला बोर्डावर पिन मारून 'फी वाढली' असं सांगता येत नाही. रेस ऑफिसर कितीही अनुभवी असो, पैशांची कलमं त्याच्या हातात नाहीत.

म्हणून पैशांचं सगळं नोटिशीत: फी, शेवटची तारीख, परतावा. खजिनदाराची अडचण अशी की अधिकाऱ्यांचा प्रवास, सेफ्टी बोटी, प्रोटेस्ट ऐकणाऱ्या ज्युरीचा मुक्काम हे खर्च वीस बोटी आल्या काय नि साठ आल्या काय, फारसे हलत नाहीत. आणि हौशी मंडळी प्रवेश भरतात शेवटच्या आठवड्यात. माझं ठाम मत: उशिराचा दंड लावण्यापेक्षा लवकर भरणाऱ्याला सूट द्या. हिशेब तोच, पण दंड म्हटलं की लोक भांडायला येतात. वारा पडला आणि एकही शर्यत झाली नाही तर फी परत मिळणार की नाही, हेही एका ओळीत लिहा. तोवर इंधन सोडून बहुतेक खर्च झालेलाच असतो.

प्रायोजकाचंही तेच. त्याचं स्टिकर प्रत्येक बोटीच्या नाकाशी लावायला लावणार असाल तर ते नोटिशीत हवं. आधी प्रायोजकाला शब्द द्यायचा आणि मग रजिस्ट्रेशनच्या टेबलावर सेलरांच्या हातात स्टिकर ठेवायचं, हा प्रकार मला अजिबात खपत नाही.

'हौशी' या शब्दाची गंमत तर वेगळीच. स्पर्धेच्या नावात तो घातला म्हणून व्यावसायिक सेलर आपोआप बाहेर राहत नाहीत. वर्ल्ड सेलिंगच्या वर्गवारीत गट 1 म्हणजे हौशी, गट 3 म्हणजे व्यावसायिक. पण नियम 79 म्हणतो की ही अट नोटिशीत किंवा क्लासच्या नियमांत लिहिलेली असेल तरच लागू होते. इन्स्ट्रक्शन्समध्ये घातलीत तर ती चुकीच्या कागदात पडली, आणि पैसे घेऊन सुकाणू धरणारा माणूस तोवर फी भरून धक्क्यावर उभा आहे.

एक कलम मात्र खरोखर दोन्हीकडे चालतं: किती शर्यती ठेवल्या आहेत आणि किमान किती पूर्ण झाल्या म्हणजे मालिका धरायची. मी ते नोटिशीतच घालतो, कारण विजेतेपद त्यावर ठरतं आणि परतीचा दिवसही. कुठेही घाला, पण एकदाच. दोन्हीकडे लिहिलंत की एकीकडे चार राहतात, दुसरीकडे पाच होतात, आणि मग प्रोटेस्ट कमिटीला बसून ठरवावं लागतं की कोणतं कलम लावलं तर निकाल जास्त न्याय्य होईल. तोपर्यंत चौथ्या शर्यतीनंतर वारा गेलेला असतो आणि ट्रॉफी टेबलावरच.